दूध निवेपर्यंत

माझ्या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. किकवीत ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आमच्या आळीनं त्याचं 'शेळीचा ताप' करून टाकलं. मी सायकल घेऊन निघाले की ओट्यावरची एखादी बाई हमखास विचारते, "काय मॅडम, गेला का शेळीचा ताप?" गेला बाई, गेला. पण तो कसा आला, कसा सापडला आणि जाताना आमच्या घरातलं काय घेऊन जाणार होता, ते लिहून ठेवते. कुणाला संध्याकाळचा ताप येत असेल, कंबर धरत असेल आणि कुठल्याच तपासणीत काही सापडत नसेल, तर हे वाचून डॉक्टरांना एखादी गोष्ट जास्तीची सांगता येईल.

मुटके

मी हायस्कूलला खेळ शिकवते. नवऱ्याचं हायवेला टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्या दुकानात एकदा पुण्याच्या एक बाई सायकलची ट्यूब बदलायला थांबल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आम्ही आधी पोहतो, मग सायकल मारतो, मग पळतो, सगळं एका दमात. याला ट्रायथलॉन म्हणतात. केस माझ्याहून पांढरे होते त्यांचे. ऐकून मला चैन पडेना. पोहायला मी माहेरच्या विहिरीत शिकलेली, पळणं हे तर माझं पोटापाण्याचं काम, राहिली सायकल.

"एवढं मरमर करून मिळतं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"पदक."

"पदक तर म्या बाजारातनं आणून देतो की."

असं म्हणणारा हाच माणूस भाटघरच्या पाण्यात मी पोहायला उतरले की काठावर बसून राहायचा. ट्रकची ट्यूब हवा भरून माझ्या कमरेला दोरीनं बांधायचा आणि मी पाण्यात म्हशीसारखी ती ओढत फिरायचे. हसणारे हसायचे, पण मी एकदाही बुडले नाही.

खाण्याचं खातं आत्यांकडं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे, नातं असो नसो. सुरुवातीला मी ऐकीव माहितीवर बाजारातली जेलची पाकिटं आणली. सायकलवर बसल्या बसल्या तोंडात पिळायची, लगेच ताकद येते म्हणे. मला आली ती ओकारी. आत्यांनी एक पाकीट फोडलं, बोटावर घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "ह्ये शेंबडावानी काय चोखतीस गं? घरात नाचणी हाय, गूळ हाय, तांदूळ हाय. तुला पळायला काय लागतं ते सांग, म्या करते."

पहिले नाचणीचे लाडू इतके कोरडे झाले की चढावर घशात अडकून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मग त्यांनी डोकं लावलं. मऊ भातात गूळ आणि मीठ कालवून बोटाएवढे मुटके केले आणि केळीच्या पानात असे बांधले, की एका हातानं सोडून खाता यावेत. रताळी उकडून मीठ-जिरं लावलं. बाटलीत आमसुलाचं पाणी. मी परत आले की अंगावरचा घाम वाळायच्या आत प्रश्न यायचा, "कुठला मुटका कुठं खाल्लास? पाय कुठं गळालं?" आणि ते ऐकून पुढच्या वेळी मिठाची चिमूट कमी-जास्त व्हायची. पुण्याच्या ग्रुपमधल्या बायकांना मोबाईलवरून शिकवणारे कोच होते. माझा कोच चुलीपुढं बसून मिसरी लावायचा. मला याचा लई अभिमान होता आणि अजूनही आहे.

पालीचं दूध

रविवारची लांबची सायकल मी नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला घालायचे आणि पालीकडं वळायचे. पाली राजगडाच्या पायथ्याला. गावाच्या वरच्या अंगाला चार घरांची वाडी आहे, ते आत्यांचं माहेर. तिथं त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय, म्हणजे आमचे मामा-मामी, शेळ्या आणि गाया सांभाळतात. आत्यांचे गुडघे गेले तसं त्यांचं जाणं कमी झालं. एसटी बदला, मग वर चढा, ते त्यांना होईना. वर्षातून एकदा पंचमीला मामा स्वतः येऊन त्यांना घेऊन जायचे, तेवढंच.

बाकी वर्षभर त्यांचं माहेर माझ्या सायकलच्या पिशवीतून ये-जा करायचं. जाताना मिसरीची पुडी, मामींना काचेच्या बांगड्या. येताना कुणाची गाय व्याली, कुणाचं लगीन मोडलं, कुणी कुणाशी बोलायचं टाकलं. "तू जाऊन आलीस की मीच जाऊन आल्यावानी वाटतं," आत्या म्हणायच्या.

मी अंगणात पोचले की मामी शेळी ओढून बसायच्या आणि तांब्यावर फेस चढेस्तोवर धार काढायच्या. "धारोष्ण हाय, पी. पैलवान काय उगंच पित्यात?" माझा एक पाय जमिनीवर, एक सायकलच्या दांड्यावरून टाकलेला. मी तशीच उभ्या उभ्या घटाघटा प्यायचे, तोंड पुसायचे आणि निघायचे. हातातल्या घड्याळात वेळ मोजणं चालू असायचं ना. मामी मागून म्हणायच्या, "अगं, टेक की जरा."

"पुढच्या टायमाला, मामी."

आजार आला त्या हिवाळ्यात एकदा मामी म्हणाल्या, "शेळ्या गाभडाय लागल्यात गं, दिवस भरायच्या आत पिल्लं टाकत्यात. ही तिसरी. कुणाची नजर लागली देव जाणे." मी अरेरे म्हणाले, दूध प्यायले आणि निघाले.

संध्याकाळचा पाहुणा

ताप दिवस मावळताना यायचा. आधी थंडी, मग अंग भाजून निघायचं, मग असा घाम की गोधडी पिळून काढावी. सकाळी मी चांगली असायचे, शाळेत जायचे, मुलांना शिट्टी मारून पळवायचे. कधी आठवडाभर ताप यायचाच नाही आणि मी म्हणायचे सुटले. परत हजर. भोरच्या डॉक्टरांनी टायफॉइड समजून औषध दिलं, उतरला, पुन्हा आला. मग कंबर धरली. एक दिवस सायकलवर बसायला पाय उचलला आणि तो दांड्यावरून पलीकडं जाईचना. मी अंगणात सायकल धरून तशीच उभी राहिले. आत्या आतून बघत होत्या. त्यांनी येऊन सायकल माझ्या हातातून घेतली आणि भिंतीला लावली.

नवऱ्यानं तोंड सोडलं. "पन्नासदा सांगितलं. शरीर म्हंजी काय टायर हाय का, फाटलं की दुसरं घालाय?" तो रागानं बोलत नव्हता, घाबरून बोलत होता, पण मला तेव्हा ते कळलं नाही. घरात भांडण झालं. मी म्हणाले पळण्यानं नाही, तो म्हणाला पळण्यानंच. आत्यांना वाटलं आपल्याच मुटक्यात काही कमी पडलं. त्या तूप वाढवत गेल्या आणि मी वाळत गेले.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले. "मणक्यात काहीतरी दिसतंय," डॉक्टर म्हणाले आणि आणखी तपासण्या लिहून दिल्या. त्या 'काहीतरी'ला मी मनातच नावं देऊन बघितली. क्षय असेल, नाहीतर ते दुसरं, ज्याचं नाव आमच्याकडं घेत नाहीत. मला भरती करून घेतलं. शर्यतीचा विचार त्या दिवशी डोक्यातून गेला. मला फक्त माझ्या पायांनी घरी जायचं होतं.

एक प्रश्न

रोग सापडला तो एका लहानखुऱ्या डॉक्टर बाईंमुळं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काय काय खाता ते सांगा." हा तर माझा आवडता विषय. तापातही मला हुशारी आली. मुटके, रताळी, आमसूल, नाचणी, सगळं सांगितलं. आजवर प्रत्येक डॉक्टरला मी हेच सांगत आले होते, छाती फुगवून.

"आणि दूध?"

"दूध तापवूनच. आत्या साय धरल्याबिगर देत नाहीत."

"घराबाहेर कुठं?"

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पालीचं दूध मी कधी खाण्यापिण्यात धरलंच नव्हतं. ते मामींचं भेटणं होतं. आपण कुणाच्या पाया पडलो हे काय डॉक्टरला सांगतो का आपण? मी म्हणाले, "मामींकडं पिते, धारोष्ण." त्यांचा पेन थांबला. "त्यांच्या शेळ्या गाभडल्या का कधी?" शुद्ध शहरी बाई, पण शब्द बरोबर वापरला.

माझ्या रक्तात पुढं काय निघणार हे मला तिथंच कळलं. दोन-चार दिवसांनी तसंच आलं, ब्रुसेलोसिस, शेळ्यांना गाभडवणारा आणि कच्च्या दुधातून माणसात येणारा. डॉक्टर बाई म्हणाल्या, "यावर औषध आहे. बऱ्याच दिवसांचं आहे, पण तुम्ही बऱ्या व्हाल." नवरा उभा होता तो भिंतीला टेकून खालीच बसला आणि रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

मग त्या पुढचं बोलल्या. ते दूध पिणाऱ्या आणि गाभडलेल्या शेळ्यांना हात लावणाऱ्या सगळ्यांची तपासणी झाली पाहिजे. मला एकदम मामी दिसल्या, धार काढून उठताना कमरेवर हात ठेवणाऱ्या. "वय झालं," म्हणायच्या. माझ्याहून फार मोठ्या नाहीत त्या.

पेजेचा डबा घेऊन आत्या आल्या, तेव्हा नवऱ्यानं त्यांना सांगितलं. त्यांनी डबा ठेवला. "माझ्या भावाच्या घरचं दूध पिऊन आजवर कुणी अंथरूण धरलं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. नवरा मला हळू म्हणाला, "मामा तापट हायेत. दुधाला नाव ठेवलं म्हणतील. आईचं माहेर तुटंल."

"आणि मामींना हेच झालं असलं तर?"

 सांगावं तर आत्यांचं माहेर जाणार, न सांगावं तर मामींचं कंबरडं.

किटली

वॉर्डातला दिवस ताप मोजण्यानं उजाडायचा आणि ताप मोजण्यानं मावळायचा. मध्ये इंजेक्शन, मूठभर गोळ्या, फरशी पुसणाऱ्या मावशींची हाक, "पाय वर घ्या." एका गोळीनं लघवी केशरी व्हायची. पहिल्यांदा बघून मी किंचाळायचीच राहिले होते, नंतर सवय झाली. शेजारच्या खाटेवर आंबवड्याच्या काकू होत्या, साखरेनं पायाला जखम झालेल्या. त्यांना स्वतःला उठता येत नव्हतं, पण मला खाटेच्या कडेला बसवून घ्यायच्या आणि माझी वेणी घालायच्या. आईनंतर माझे केस कुणी विंचरले नव्हते. इतक्या हलक्या हातानं गुंता काढायच्या की मला झोप लागायची. वर चेष्टाही करायच्या. जेवणात ताक आलं की म्हणायच्या, "फुंकून पी गं बाई. दुधानं तोंड पोळलंय तुझं."

आत्या दोन दिवस आल्या नाहीत. नवरा म्हणाला, घरातही फार बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात आत्या दिसल्या आणि त्यांच्या मागं मामी. ते गुडघे घेऊन आत्या एसटी बदलून पालीला गेल्या होत्या, वर वाडीपर्यंत चढल्या होत्या आणि भावजयीला बरोबर घेऊन आल्या होत्या. पण सांगायचं ते त्यांच्यानं सांगवलं नव्हतं. मामींच्या हातातल्या किटलीवरून ते कळलं. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं कसं यायचं?

"पार वाळलीस गं," मामी म्हणाल्या. खाटेवर बसल्या आणि किटलीचं झाकण काढायला लागल्या. "सकाळचंच हाय. घे, वाईच पोटाला आधार."

आत्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मी मामींचा हात धरला आणि सांगून टाकलं. शेळ्या का गाभडल्या ते, ताप कशानं आला ते, आणि त्यांचीही तपासणी करायला हवी ते.  मामींनी झाकण होतं तसं घट्ट लावलं. 

"म्या तुला इख पाजलं व्हय?"

"नाही मामी. तुम्ही जे स्वतः पिता तेच मला दिलंत."

त्या उठल्या, किटली घेऊन बाहेर गेल्या. आत्या लंगडत त्यांच्या मागं गेल्या. आता ही बाई परत येत नाही, असं मला वाटलं.  मग दोघी आल्या. किटली रिकामी होती. मामींनी पदर सावरला, बाही वर केली आणि नर्सपुढं हात धरला. "माझं बी रगात घ्या. म्या म्हणत व्हते म्हातारपण आलंय."

मामींना तोच आजार निघाला. त्या मला अजून म्हणतात, तू आजारी पडलीस म्हणून म्या वाचले. मला ऐकायला बरं वाटतं.

एका घरात दोन रोगी

मला घरी सोडलं. रोजच्या इंजेक्शनला वाडीवरून येणं शक्य नव्हतं, म्हणून मामी किकवीला आमच्याकडंच राहिल्या. दोघींच्या खाटा सोप्यात शेजारी शेजारी. एकाच वेळी गोळ्या, एकाच वेळी मळमळ. आत्या दोघींसाठी पेज करायच्या, तिच्यात तूप आणि मीठ, आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय समोरून हलायच्या नाहीत. गोळ्यांमुळं उन्हात जायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून मामी आणि मी दारात सावलीला बसून रस्त्यावरच्या एसट्या बघायचो. नणंद-भावजयीची जुनी उणीदुणी निघायची, मग दोघी हसायच्या. त्या दिवसांचा विचार केला की मला आजार कमी आणि ते हसणं जास्त आठवतं.

पण मामा आले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांनी शेळ्या तपासल्या, बऱ्याचशा काढून टाकाव्या लागल्या. लहानपणापासून हातावर वाढवलेल्या शेळ्या. मामांनी माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, "ती सायकल पुन्हा माझ्या दारात आणायची न्हाई." मामी बऱ्या होऊन गेल्या, त्यांना न्यायलाही मामा खाली रस्त्यावरच थांबले. पंचमी आली. आत्यांनी सकाळीच नवं लुगडं नेसून ठेवलं होतं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी ते बदललं आणि भांडी घासायला बसल्या.

मी अपराधी नव्हते, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी वाटलं, आपल्याला बरं करायला यांचं माहेर खर्ची पडलं.

निवेपर्यंत

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर बाईंनी सायकलला परवानगी दिली. हळूहळू, कंबर सांगेल तितकंच. आधी शाळेपर्यंत, मग नसरापूर, मग आणखी पुढं. शर्यत कधी होईल मला माहीत नाही. भाटघरच्या पाण्यात ट्यूब ओढताना अजून दम लागतो, पण काठावर तोच माणूस बसलेला असतो आणि मला तेवढं पुरतं.

मग एका रविवारी आत्यांनी पिशवीत मुटके भरले. नेहमीपेक्षा जास्त होते. खाली मिसरीची पुडी होती. "वळावंसं वाटलं तर वळ," त्या म्हणाल्या, "न्हाईतर सरळ ये." आणि आत गेल्या.

मी वळले. वाडीचा चढ मी नेहमीपेक्षा हळू चढले. अंगणात मामा गाईला चारा टाकत होते. शेळ्यांच्या दावणीला दोनच करडं बांधलेली. मी सायकलवरून उतरलेही नव्हते, एक पाय जमिनीवर टेकवून तशीच उभी होते, हाकललं तर निघता यावं म्हणून. मामांनी बघितलं. हातातली पेंढी टाकली, हात झटकले.

"आक्काला का न्हाई आणलीस?"

मी पिशवीतली मिसरीची पुडी काढून त्यांच्यापुढं धरली.

"गुडघं दुखत असत्याल तर म्हणावं टेम्पो धाडतो. पंचमीची वाट कशाला बघायची?" मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, दूध ठेव चुलीवर. गाईचं. तपासलेलं हाय." हे शेवटचं माझ्याकडं न बघता.

मामी बाहेर आल्या आणि मला बघून पदरानं डोळे टिपायला लागल्या. चुलीपुढं मात्र मामाच बसले. दूध वर आलं की फुंकर मारायचे, खाली बसवायचे, पुन्हा वर येऊ द्यायचे. चांगलं उकळल्याशिवाय भांडं उतरवलं नाही. मग आधी वाटीत ओतून स्वतः एक घोट घेतला, जीभ भाजली, तोंड वाकडं केलं आणि पेला माझ्यापुढं धरला. पेला इतका तापला होता की मला हातात धरवेना.

"निवू दे," मामा म्हणाले. "कुठं जायाची घाई हाय?"

मनगटावरचं घड्याळ चालूच होतं. मी ते बंद केलं, दांड्यावरून पाय काढला, सायकल भिंतीला लावली आणि ओट्यावर बसले. मामी शेजारी येऊन बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "टेकलीस बया एकदाची."